मान हलवणारा माणूस

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात कुणी काही सांगायला लागलं की मी अजून ऐकणाऱ्याकडे आधी बघते, सांगणाऱ्याकडे नंतर. ही सवय तुझ्यामुळे लागली. हे पत्र कुठे जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण गेले काही दिवस मनात जे चाललंय ते दुसऱ्या कुणाला सांगायला बसले तर समोरच्याच्या चेहऱ्याप्रमाणे माझंही बोलणं वळेल, अशी भीती वाटते. कागदाला चेहरा नसतो, म्हणून लिहिते.

असल्फ्याची आपली खोली आठवते. डोंगराच्या उतारावर, दारातून खाली पत्र्याची छपरंच छपरं. संध्याकाळी बाबा साकीनाक्याहून चालत यायचे, पाय धुवायचे आणि ओट्याच्या खाली भिंतीला टेकून बसायचे. तू दिवसभर पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटून आलेली असायचीस आणि घरी येऊन पुन्हा लाटत असायचीस. बाबा कारखान्यातलं काहीतरी सांगायला लागायचे. तू त्यांच्याकडे बघायचीसही नाहीस. पण तुझं लाटणं कधी हळू व्हायचं, कधी हवेत थांबायचं, आणि मधूनच तू म्हणायचीस, "मगे?" घरात मराठी आपली मुंबईचीच, पण तुझं हे मालवणीतलं 'मगे' काही सुटलं नाही. त्या एका शब्दावर बाबांची गोष्ट पुढे सरकायची.

देवनारच्या बाजारातून सुटलेला बोकड त्यांच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत शिरला होता, ती गोष्ट आठवते? माल चढवायच्या लिफ्टमध्ये घुसून तो तिसऱ्या मजल्यावर पोचला आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला. बाबांनी ती गोष्ट तुला सांगितली तेव्हा हसता हसता तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पुढच्या महिन्यात तू गावी गेलीस. तेव्हा मी बाबांना म्हटलं, ती बोकडाची गोष्ट मला परत सांगा ना. ते सांगत होते आणि मी मैत्रिणीला मेसेज टाइप करत होते. बाबा म्हणाले, "एक बोकड आला होता. लिफ्टमधनं वर आला. मग नेला त्याला." एवढंच. मी मान वर केली तर ते उठून पाणी प्यायला गेले होते. त्या दिवशी मला वाटलं, बाबांना आज कंटाळा आला असेल. कंटाळा त्यांना नव्हता आला, मी ऐकत नव्हते. हे मला कळायला एक दुसराच माणूस आपल्या घरी यावा लागला.

त्याच लिफ्टमध्ये तो फिटर गेला. बाबांच्याच खात्यातला, देवगडकडचा, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. दुपारी जेवायच्या सुट्टीच्या जरा आधी तो ट्रॉली मागे मागे ओढत लिफ्टकडे गेला, जाळीचा दरवाजा सरकवला आणि पाठमोराच आत पाऊल टाकलं. लिफ्ट तिथे नव्हती, ती तळमजल्यावर होती. लिफ्ट मजल्यावर नसली तर दरवाजा उघडू नये म्हणून एक खटका असतो. तो खटका बिघडला होता, वरचेवर अडकायचा आणि माल खोळंबायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत शेजारचे जमले तेव्हा बाबांनी सगळं सांगितलं. मी तुझ्या शेजारी उभी होते. बाबा म्हणाले, मॅनेजरने सकाळी खटका तारेने बांधून टाकायला लावला. फिटर म्हणाला होता, "साहेब, हे डेंजर आहे, कुणीतरी जाईल." मॅनेजर म्हणाला, "बांध रे, दोन दिवस चालवून घे." आणि मग बाबा थांबले. तू म्हणालीस, "मगे?" बाबा म्हणाले, "तो पडला तेव्हा मी टेबलावरनं धावत गेलो. खाली काळोख. हाका मारल्या, उत्तर नाही. आणि खालनं त्याचा फोन वाजायला लागला. खिशातला. वाजतच राहिला." तुझा हात माझ्या दंडावर होता. तो किती घट्ट होता, ते अजून आठवतं.

चार-पाच दिवसांनी, रविवारी, तो माणूस आला. अंगात हलक्या निळ्या रंगाचा शर्ट, इस्त्री इतकी कडक की बसतानाही मोडली नाही. "ऑफिसकडून आलोय," म्हणाला. आजाऱ्याला भेटायला नेतात तशी सफरचंदं घेऊन आला होता. त्याचा आवाज चढला नाही, त्याने कसली धमकी दिली नाही, पैशाचं नाव काढलं नाही. बाबांना म्हणाला, "तुम्ही धक्क्यात असाल. घाई नाही. फक्त काय झालं ते मला सांगा. मी फक्त ऐकायला आलोय."

बाबांनी सांगायला सुरुवात केली. खटक्याचं बोलायला लागले तसा त्या माणसाचा चेहरा भिंतीसारखा झाला. तो रागावला नाही, त्याने तोंड वाकडं केलं नाही. त्याने फक्त ऐकणं बंद केलं. डोळे बाबांवरच होते, पण आत कुणी नव्हतं. बाबा अडखळले. म्हणाले, "म्हणजे, खटका जरा... मला नक्की..." आणि पुढे गेले. फोनचं आलं तसा तो माणूस जिवंत झाला. पुढे सरकला, मान हलवली, हळहळल्यासारखं "च्‌ च्‌" केलं. "फोन वाजत होता? म्हणजे फोन चालू होता त्याचा."

"हो, चालू होता."

"हं. आजकाल कामावर फोन... बोला, बोला तुम्ही."

जाताना दारात चपला घालत तो मला म्हणाला, "विक्रोळीच्या कॉलेजला ना तू? अभ्यास कर बाळा, नीट." आपण त्याला माझं कॉलेज सांगितलं नव्हतं, आई. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी तुझ्याकडे. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही. ते म्हणाले, "माणूस चांगला आहे. ऐकून घेतलं त्याने."

पुढच्या रविवारी तो परत आला. त्याच्या पुढच्या रविवारीही. दर वेळी सफरचंदं आणि दर वेळी तेच, "मागच्या वेळी नीट समजलं नाही मला, परत एकदा सांगता का?" आणि बाबा सांगायचे. तो कुठे मान हलवायचा आणि कुठे भिंत व्हायचा हे आता मला पाठ झालं होतं. दुसऱ्यांदा मॅनेजरचं "बांध रे" गेलं. राहिलं ते "खटका बांधलेला होता." कुणी बांधला, का बांधला, काही नाही. तिसऱ्यांदा फिटरचं "साहेब, हे डेंजर आहे" गेलं. आणि फोन त्याच्या खिशातून निघून हातात आला. "फोन होता त्याच्या हातात बहुतेक," बाबा म्हणाले, आणि त्या माणसाने इतक्या मायेने मान हलवली की बाबांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्यासारखं दिसलं. अवघड काम अखेर जमल्यासारखं. बाबा खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी त्यांना खरंच तो फोन फिटरच्या हातात दिसत होता.

तो गेल्यावर तू बाबांना झापलंस, तसं मी तुला आधी किंवा नंतर कधी ऐकलं नाही. "तो मान हलयता तेवा तुमी बोलतास, तो गप ऱ्हवता तेवा तुमी गप. तुमका कळणा नाय? गोष्ट तुमची की तेची?"

बाबा म्हणाले, "अगं, तो काहीच बोलत नाही."

"बोलणा नाय म्हणानच मी सांगतंय."

बाबा चिडले. म्हणाले, तुला काय कळतं, ऑफिसचा माणूस आहे, उद्या नोकरीचा प्रश्न आहे. तू मागच्या रविवारची सफरचंदं ताटात ठेवलीस, कापायला सुरी घेतलीस आणि परत ठेवून दिलीस. आपल्याकडे ती सफरचंदं कुणी खाल्ली नाहीत. सुरकुतली आणि मग तू ती केंद्रावर जाताना कचऱ्यात टाकलीस.

चौथ्या रविवारी तो आला तेव्हा तू लाटायला बसली नव्हतीस. तू त्याच्या मागे, दाराला टेकून जमिनीवर बसलीस, बाबांच्या बरोबर समोर. तो वळून बघून हसला, म्हणाला, "वहिनी, चहा नको आज." तू म्हणालीस, "चहा नाय करूक बसलंय." आणि बाबा बोलायला लागले. खटक्यापाशी आले, तो भिंत झाला, आणि त्याच्या खांद्यावरून तू म्हणालीस, "मगे?" हळूच. बाबांचे डोळे त्याच्यावरून तुझ्यावर आले. त्यांना घाम आला होता. त्या बारा बाय दहाच्या खोलीत आपण चौघं होतो. कुणीही आवाज चढवत नव्हतं आणि तरी मला वाटत होतं की आत्ता काहीतरी फुटणार. बाबा एक वाक्य तुझ्याकडे बघून बोलायचे, पुढचं त्याच्याकडे बघून, आणि ती दोन वाक्यं एका गोष्टीतली वाटायची नाहीत. शेवटी बाबा म्हणाले, "मला बरं वाटत नाही," आणि आडवे झाले. तो माणूस उठला. मागे वळून त्याने पहिल्यांदा तुझ्याकडे नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तू त्या फिटरच्या बायकोला घरी घेऊन आलीस. कुठून पत्ता काढलास, देव जाणे. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. गुडघे जवळ घेऊन बसली. रडली नाही. तू बाबांना म्हणालीस, "हिका सांगा. माका नको, कोणाक नको, हिका." आणि बाबांनी तिला सांगितलं. तिने एकदाही मान हलवली नाही, "हं" म्हटलं नाही. पण त्या माणसाचं गप्प राहणं आणि हिचं गप्प राहणं यांत फरक होता. तो गप्प राहायचा तेव्हा बाबांच्या तोंडचे शब्द कमी व्हायचे. ही गप्प होती कारण तिला एकही शब्द सांडायचा नव्हता. बाबा खालून वाजणाऱ्या फोनपाशी आले आणि म्हणाले, "फोन त्याच्या हातात..." आणि अडले.

ती म्हणाली, "तो फोन माझोच होतो. जेवक बसलास काय इचारूक केललंय. तेनी उचललोच नाय. वाजान वाजान बंद झालो, परत केलंय, परत वाजलो."

बाबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "खिशात होता. खिशात होता गं. मी पडताना बघितलंय त्याला, दोन्ही हात ट्रॉलीला होते." आणि मग मॅनेजरचं आलं, खटक्याचं आलं, तारेचं आलं, सगळं.

अपघाताची सरकारी चौकशी झाली त्या दिवशी तुला आत येऊ दिलं नाही. सरकारी अधिकारी होता, एक टाइप करणारा होता, आणि अधिकाऱ्याच्या मागे खुर्चीवर निळा शर्ट. बाबांनी नंतर सांगितलं, "समोर बघितलं तर तोच दिसत होता. तोंड कोरडं पडलं. मग मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघितलं आणि तुलाच सांगायला लागलो." त्यांनी सगळं सांगितलं होतं. त्या मुलीला भरपाई उशिरा का होईना मिळाली आणि ती गावाला गेली. मॅनेजरला दुसऱ्या गाळ्यात पाठवलं. बाबांना महिन्याभरात काम कमी आहे म्हणून घरी बसवलं. ते तुला अपेक्षित होतं. तू पोळ्यांची आणखी एक पाळी घेतलीस.

यानंतर काय झालं हे आपण दोघींनी बाबांना कधीच सांगितलं नाही. बाबा कामाच्या शोधात अंधेरीला गेले होते. दुपार होती. दार उघडंच होतं आणि तो दारात उभा. या वेळी हातात काही नव्हतं. तू उठलीही नाहीस. तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून, अगदी मनापासून कौतुक करावं तसं तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार छान ऐकता. मी खूप माणसांशी बोलतो, पण असं ऐकणारं कुणी पाहिलं नाही." मग जरा थांबून, "असं ऐकणारं घरात असलं की माणूस काहीही बोलून जातो. जे झालं तेही, आणि नाही झालं तेही. नाही का?"

तो हसला, मला म्हणाला, "येतो बाळा," आणि उतार उतरून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आपण दोघी तशाच बसून होतो. मला वाटत होतं की आता काहीतरी होणार. कुणीतरी येणार, बाबांना रस्त्यात गाठणार, मला कॉलेजच्या गेटवर. कित्येक महिने मी येता-जाता मागे वळून बघायचे. कुणी आलं नाही. त्याला यायची गरजच उरली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

कारण त्या दिवसानंतर तू "मगे?" म्हणणं सोडलंस. आधी मला वाटलं, दमलीस. बाबांना एका वर्कशॉपमध्ये तात्पुरतं काम मिळालं होतं. ते पूर्वीसारखेच येऊन भिंतीला टेकायचे, काहीतरी काढायचे, आणि तू लाटत राहायचीस, एकाच वेगाने. लाटणं थांबायचं नाही की हळू व्हायचं नाही. जणू तुला तुझ्या कानांची भीती वाटायला लागली होती. बाबांच्या गोष्टी आखूड होत गेल्या आणि एक दिवस थांबल्या. एकदा मी तुला विचारलं, "तू अशी का ऐकतेस?" तू म्हणालीस, "कशी?" मग तुझं दुखणं आलं, हॉस्पिटलच्या फेऱ्या आल्या, आणि तू गेलीस.

आता बाबा माझ्याकडे बोरिवलीला असतात. गुडघे गेलेत, विसरतात बरंच. कालचं जेवण आठवत नाही, पण साकीनाक्याचा गाळा कोपऱ्याकोपऱ्यासकट आठवतो. दिवसा त्यांच्याजवळ एक बाई येते, चांगली आहे, बडबडी. परवा रविवारी मी स्वयंपाकघरात होते. बाबा तिला सांगत होते, "आमच्याकडे एक फिटर होता." मी कांदा चिरायची थांबले. किती वर्षांनी त्यांनी ही गोष्ट काढली होती! ट्रॉली आली, जाळीचा दरवाजा आला. "आणि फोन होता कानाला," बाबा म्हणाले.

बाई हळहळली. "हाच फोन! पोरांचा जीव घेतो बघा काका हा फोन."

"हो ना. बोलत बोलतच गेला आत." आणि बाबांच्या आवाजात ते समाधान होतं, त्या तिसऱ्या रविवारचं. अवघड काम जमल्याचं. निळा शर्ट कुठे आहे, जिवंत आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण तो जिथे जिथे मान हलवायचा, तिथे तिथे आज ही भाबडी बाई मान हलवत होती. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

मी दारात जाऊन उभी राहिले, हात पुसत, तिच्या मागे. बाबांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले. "पण तो खटका..." ते म्हणाले, आणि थांबले. वाट बघत राहिले. माझ्याकडेच बघत होते, आई. एक शब्द पुरला असता. माझ्या तोंडात आला होता, तुझा, तुझ्याच आवाजात.

आणि तेव्हाच मला आठवलं की अपघाताच्या दिवशी मी मुलुंडला आत्याकडे राहायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि गॅलरीत जे ऐकलं ते ऐकलं. आदल्या संध्याकाळी बाबा घरी आले, पाय धुऊन भिंतीला टेकले आणि ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, ती फक्त तू ऐकलीस. फोन खिशात होता, हे त्या मुलीमुळे मला माहीत आहे. पण मॅनेजरचं "बांध रे"? फिटरचं "साहेब, हे डेंजर आहे"? ते बाबांनी त्या संध्याकाळी आपणहून सांगितलं होतं, की कुठेतरी ते अडले, तुझं लाटणं हवेत थांबलं, तू "मगे?" म्हणालीस, आणि मग ते आलं? त्या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही असं मी पंधरा वर्षं ठरवून आहे. पण तुलाही हीच शंका आली असेल, याखेरीज तू लाटणं एका वेगाने का चालवायला लागलीस, याचं दुसरं काही कारण मला सापडत नाही.

बाबा वाट बघत होते. मी आत वळले. कुकरची शिट्टी झाली नव्हती, तरी जाऊन गॅस बारीक केला. मागून बाबा म्हणाले, "असो. गेला बिचारा," आणि बाई म्हणाली, "हो ना काका."

मला खात्री नव्हती, आई. आणि खरं सांगायचं तर, मला ती करून घ्यायची नव्हती.